पत्र्याच्या नळींतून जाणारी हवा

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या वाचनालयांत एक तंटा उपस्थित झाला आणि तो मिटविण्याचें काम माझ्याकडे आलें. गांव वऱ्हाडांतलें. मे महिन्यांत तेथें छायेंतलें उष्णतामान ४३ अंशांवर गेलें तर कोणी नवल करीत नाहीं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अर्ध्या भागांत अभ्यासिका आणि अर्ध्या भागांत उघडी गच्ची आहे. ज्यांच्या घरीं एकाच खोलींत पांच-सहा माणसें वावरतात अशीं पुष्कळ मुलें-मुली परीक्षेच्या दिवसांत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तेथेंच बसून अभ्यास करितात. त्यांच्यासाठीं लोकवर्गणी जमवून एक मोठा कूलर आणला. पाण्याची टांकी गच्चीच्या पलीकडच्या टोंकाला. शिवाय खिडकीशीं कूलर लावला तर त्याच्या घरघरीनें शेजाऱ्यांस त्रास होणार. म्हणून कूलर त्या दूरच्या टोंकाला ठेवला आणि तेथून अभ्यासिकेच्या भिंतीपर्यंत पत्र्याची चौकोनी नळी बसविली. कारागीर लोक तिला डक्ट म्हणतात. मी आपली नळीच म्हणेन.

आठ दिवस गेले नाहींत तोंच मुलांची तक्रार आली कीं, जाळींतून येणारी हवा गार लागत नाहीं, नुसती दमट लागते. कूलर विकणारा म्हणाला, यंत्रांत दोष नाहीं. चिटणीस म्हणाले, आपल्याला फसविलें. सभासदांतला तिसरा पक्ष असा निघाला कीं, पुस्तकांच्या खरेदीसाठीं बाजूला ठेवलेल्या रकमेंतून दुसरा कूलर घ्यावा आणि तो त्याच नळीला जोडावा. हा तिसरा पक्ष संख्येनें मोठा होता, आणि म्हणूनच मला मधें पडावेंसें वाटलें. कारण वर्षाचीं पुस्तकें गेलीं असतीं आणि हवा होती तशीच राहिली असती.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सातवीपर्यंतच्या वर्गांना अंकगणित शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. अभियांत्रिकीचें शिक्षण घेणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पुस्तक मागून आणलें, त्यांतलीं कोष्टकें समजून घेतलीं, आणि बाकीचें सर्व गुणाकार-भागाकारांवर भागविलें. तो हिशेबच आज आपणांपुढें मांडतों. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आंकडे टिपून घ्यावे.

आरंभ अर्थातच मोजमापानें केला. दुपारीं चारच्या सुमारास उष्णतामापक घेऊन गच्चीवर गेलों. छायेंत ४३ अंश होते. मग उष्णतामापकाच्या फुग्याला ओलें फडकें गुंडाळून त्यास वारा घातला. पारा २३ अंशांपर्यंत उतरून थांबला. ह्या दुसऱ्या आंकड्याचें महत्त्व असें कीं, नुसतें पाणी उडवून हवा जास्तींत जास्त किती गार करतां येईल त्याची ती सीमा आहे. कोणताहि कूलर त्याखालीं जाऊं शकत नाहीं. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या आंकड्यांतल्या फरकाचे शेंकडा ८० पर्यंत गांठतो. येथें फरक २० अंशांचा, त्याचे शेंकडा ८० म्हणजे १६; ४३ मधून १६ वजा जातां २७. कूलरच्या तोंडाशीं उष्णतामापक धरला तेव्हां त्यानें २७ च दाखविले. म्हणजे विकणारा खोटें बोलत नव्हता. नंतर अभ्यासिकेंत जाऊन जाळीशीं मापक धरला, तेव्हां ३२.५ अंश भरले. साडेपांच अंशांची चोरी वाटेंतच झाली होती.

पण हें कोणाला पटेना. ज्यानें नळी केली तो पत्राकाम करणारा कारागीर माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, नळी सारी अठरा मीटर. हवा तिच्यांतून चार सेकंदांत बाहेर पडते. चार सेकंदांत हवा इतकी तापते काय?" शंका योग्य होती आणि तिचें उत्तर हिशेबाशिवाय देतां येत नव्हतें.

हिशेबाला आधीं वेग पाहिजे. भिंगरी फिरून वाऱ्याचा वेग दाखविणारें एक लहान यंत्र उसनें मिळालें. येथें एक चूक फार लोक करितात. विकणाऱ्याच्या माणसानेंहि तीच केली होती. त्यानें यंत्र तोंडाच्या एका जागीं धरलें, ६.४ मीटर दर सेकंदास असा वेग वाचला आणि तोच हिशेबांत धरला. नळींतली हवा सगळीकडे सारख्या वेगानें जात नाहीं. पत्र्याला लागून असलेली हवा रेंगाळते, मधली धांवते. आणि वळणानंतर तर ती एका अंगाला झुकते, नदीचें पाणी वळणाच्या बाहेरच्या कांठावर आदळतें तशी. आमची नळी भिंतीशीं उभी चढून मग आंत वळते. त्यामुळें वरच्या बाजूला वेग अधिक. मीं जाळी काढून तोंडाचे दोऱ्यानें नऊ सारखे चौकोन पाडले आणि प्रत्येकाच्या मध्यावर यंत्र धरलें. वरच्या ओळींत ५.९, ६.४ आणि ५.५, मधल्या ओळींत ५.१, ५.६ आणि ४.७, खालच्या ओळींत ४.०, ४.३ आणि ३.५. बेरीज ४५, नवांनीं भागून सरासरी ५ मीटर दर सेकंदास. एकाच जागचा ६.४ धरला असता तर हवा शेंकडा २८ नें जास्त मोजली गेली असती.

नळी ४० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच आहे, तेव्हां तिच्या तोंडाचें क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर. त्यास ५ नें गुणलें म्हणजे दर सेकंदास ०.८ घनमीटर, आणि तासाला २,८८० घनमीटर हवा येते. कूलरच्या खोक्यावर ४,५०० छापलें होतें. चिटणिसांनीं ह्याच आंकड्यावर बोट ठेविलें. पण तो आंकडा कूलरच्या तोंडाला कांहींहि न जोडतां, मोकळ्या हवेंतला असतो. नळी लावली कीं तो उतरायचाच. तो किती उतरावा हें मात्र आपल्या हातीं असतें, आणि त्याकडे मी पुढें येणार आहें.

आतां हवेचें वजन. हवेला वजन आहे हें आपण शाळेंत शिकतों आणि विसरून जातों. आमच्या गांवच्या उंचीवर २७ अंशांची एक घनमीटर हवा सुमारें १.१५ किलोग्रॅम भरते. म्हणजे नळींतून दर सेकंदास ०.९२ किलो हवा जाते. तासाला तेहतीस क्विंटल. हा आंकडा सांगितला तेव्हां सभेंतले शेतकरी प्रथमच कान टवकारून बसले. एक किलो हवा एक अंश तापवावयास १,००५ ज्यूल उष्णता लागते. तेव्हां आमच्या नळींतली हवा एक अंशानें तापवावयास दर सेकंदास सुमारें ९२५ ज्यूल, म्हणजेच ९२५ वॅट लागतात. साडेपांच अंशांस ५,१०० वॅट झाले. हजार वॅटच्या पांच इस्त्र्या नळींत लावून ठेवल्या असत्या तर जें झालें असतें, तेंच ऊन्ह करीत होतें.

ह्याची किंमत पाण्यांत मोजली तर जास्त झोंबते. हवा ४३ वरून २७ वर आणण्यासाठीं कूलर तासाला सुमारें २२ लिटर पाणी उडवितो. सोळा अंशांपैकीं साडेपांच वाटेंत गेले, म्हणजे त्या पाण्यांतलें साडेसात लिटर दर तासाला पत्र्यानें गिळलें. मे महिन्यांत जेथें टॅंकरची वाट पाहावी लागते तेथें हें थोडें नव्हे. आणि मुलें म्हणत होतीं तें किती बरोबर होतें पाहा. वाटेंत गारवा जातो, पण ओल जात नाहीं. कूलरनें हवेंत घातलेली सर्व वाफ जाळीपर्यंत जशीच्या तशी येते. अभ्यासिकेंतलें उष्णतामान ३६ होतें. २७ ची हवा आली असती तर नऊ अंशांचा गारवा मिळाला असता. मिळत होता साडेतीन अंशांचा. दमटपणा मात्र पुरा मिळत होता.

आतां प्रश्न असा कीं, उष्णता आंत शिरते कशी? तिला तीन वेशी ओलांडाव्या लागतात. बाहेरच्या हवेंतून पत्र्यावर येणें ही पहिली, पत्र्यांतून पार होणें ही दुसरी, आणि पत्र्यापासून आंतल्या वाहत्या हवेंत जाणें ही तिसरी. बाहेरच्या वेशींतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागें, सुमारें १८ वॅट येऊं शकतात. आंतल्या वेशींतून आमच्या वेगाला सुमारें १५. पत्र्याची वेस तर जवळजवळ सताड उघडीच असते. पाऊण मिलिमीटरहि जाड नसलेल्या लोखंडी पत्र्याचा अडथळा एकंदर अडथळ्याच्या दहा हजारांत एक हिस्सा देखील होत नाहीं. कारागिरानें विचारलें होतें, "गुरुजी, पत्रा जाड घ्यावा काय?" पत्रा दसपट जाड केला असता तरी पाव अंशाचाहि फरक पडला नसता, पैसे मात्र दसपट गेले असते. एकामागून एक येणाऱ्या वेशींचे अडथळे मिळवावे लागतात: एक भागिले १८ आणि एक भागिले १५ ह्यांची बेरीज ०.१२२, तिला उलटें केलें कीं सुमारें ८ येतात. दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागें ८ वॅट, हा आमच्या उघड्या नळीचा आंकडा.

आंतल्या वेशीचा आंकडा १५ इतका मोठा कां, ह्यांतच कारागिराच्या शंकेचें उत्तर आहे. १८८३ सालीं मॅंचेस्टर येथें ऑस्बोर्न रेनॉल्ड्स ह्या प्राध्यापकानें कांचेच्या नळींतून पाणी सोडून त्यांत रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असतां धार दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढवितां ती एकाएकीं विस्कटून सर्व पाण्यांत मिसळली. वेग आणि नळीची रुंदी ह्यांचा गुणाकार करून त्यास द्रवाच्या चिकटपणानें, घनतेच्या मानानें, भागलें कीं जो आंकडा येतो तो दोन-अडीच हजारांच्या आंत असला तर प्रवाह शांत राहतो. त्याच्या फार वर गेला तर खळबळ माजते. आमच्या नळींत हा आंकडा सव्वा लाखाच्या घरांत आहे. म्हणजे हवा नळींतून आगगाडीच्या डब्यांसारखी एका ओळींत जात नाहीं. ती घुसळत जाते, आणि घुसळतां घुसळतां मधली हवा पुन्हां पुन्हां पत्र्याला शिवून येते. म्हणून चार सेकंद पुरतात.

बाहेरचें उष्णतामान किती धरावें हा हिशेबांतला सर्वांत नाजूक भाग होय. छायेंतले ४३ अंश धरून चालत नाहीं. नळीच्या माथ्यावर ऊन्ह सरळ पडतें, बाजूंवर तिरपें पडतें, आणि तळाला तापलेल्या गच्चीची धग लागते. हे चारी अंग मिळून उन्हाचा भार १२ अंशांइतका धरला आणि बाहेरचें उष्णतामान ५५ मानलें. हा माझा अंदाज आहे. त्यांत दोन-तीन अंशांची चूक असूं शकेल.

मग गुणाकार सोपा आहे. नळीच्या दर मीटर लांबीला चारी बाजू मिळून पत्रा १.६ चौरस मीटर. त्यास ८ नें गुणून १२.८ वॅट दर अंशास. हवेचे ९२५. पहिल्याला दुसऱ्यानें भागलें म्हणजे शंभरांत जवळजवळ १.४ येतात. ह्याचा अर्थ असा कीं, बाहेर-आंत जो फरक असेल त्याचे शेंकडा १.४ दर मीटरला कमी होतात. आरंभीं फरक ५५ वजा २७, म्हणजे २८ अंशांचा. पहिल्या मीटरला हवा ०.३९ अंश तापली. दुसऱ्या मीटरला फरक थोडा कमी, म्हणून तापणेंहि थोडें कमी. अठराव्या मीटरला तें ०.३० वर आलें. हा घसाऱ्याचा हिशेब आहे: मोटारीची किंमत दरसाल शेंकड्यानें उतरत जाते तसा हा फरक उतरत जातो. थंड होणाऱ्या वस्तूविषयीं हाच विचार न्यूटननें १७०१ सालीं मांडला होता.

माझ्या वर्गांतला एखादा घाईचा मुलगा येथें ०.३९ ला अठरांनीं गुणून ७ काढील आणि मोकळा होईल. त्याला मी शंभर मीटरची नळी घ्यावयास सांगेन. त्याच्या रीतीनें हवा ३९ अंशांनीं तापून ६६ वर जाईल. म्हणजे बाहेर ५५ असतांना आंत ६६! हवा बाहेरच्यापेक्षां जास्त तापेल कशी? म्हणून गुणाकार न करतां घसाराच लावावा लागतो. तो अठरा वेळां लावला कीं २८ चा फरक २१.८ उरतो, आणि जाळीशीं हवा ३३.२ अंश असावी असें निघतें. प्रत्यक्ष मोजलें तें ३२.५. चार वाजतां ऊन्ह कलतें झालें होतें, त्याचा हा फरक असावा. पाऊण अंशाच्या चुकीवर माझें समाधान झालें.

हिशेब जुळला कीं त्याचा खरा उपयोग सुरू होतो. कारण पैसे खर्च न करतां "असें केलें तर काय होईल" हें विचारतां येतें. कोणी म्हणालें, पंखा दुप्पट जोरानें फिरवा म्हणजे हवेला तापावयास वेळच मिळणार नाहीं. वेळ निम्मा होतो हें खरें. पण घुसळण वाढते आणि आंतली वेस १५ वरून २६ वर जाते. हिशेब केला तर तापणें ६.२ वरून ४.३ अंशांवर येतें. निम्मेंहि होत नाहीं, आणि विजेचा खर्च अतोनात वाढतो. कोणी म्हणालें, नळी रुंद करा. ६० सेंटिमीटरची नळी केली तर वेग मंदावतो, घुसळण कमी होते, पण पत्रा दीडपट वाढतो. दोन्ही मिळून उष्णता जवळजवळ तेवढीच शिरते. रुंद नळीचा फायदा दाबाच्या बाबतींत आहे, गारव्याच्या बाबतींत नाहीं.

सांवलीचा हिशेब केला तेव्हां मात्र मीच चकित झालों. नळीवर नुसतें ऊन्ह पडूं दिलें नाहीं, तर बाहेरचें उष्णतामान ५५ ऐवजीं ४३ धरतां येतें. फरक १६ अंशांचा उरतो. अठरा मीटर घसारा लावून हवा ३०.५ वर येते. म्हणजे चोरीचा जवळजवळ अर्धा भाग केवळ सांवलीनें थांबतो. गांवांत बांबूचे तट्टे मिळतात. दुसऱ्याच दिवशीं नळीच्या वर वीतभर अंतर सोडून तट्टे बांधले. हें अंतर महत्त्वाचें, कारण तट्ट्याखालून वारा खेळला नाहीं तर तापलेला तट्ट्याच पत्र्याला धग देऊं लागतो. तशाच ४३ अंशांच्या दुसऱ्या दुपारीं जाळीशीं ३१ अंश भरले. मुलांना फरक जाणवला, आणि सभेंत माझें ऐकून घेण्याइतकी शांतता झाली.

त्यानंतर नळीभोंवतीं काचेच्या लोकरीचा, म्हणजे ग्लासवूलचा, २५ मिलिमीटर जाडीचा थर चकचकीत वेष्टनासह गुंडाळला. आधींच्या वेशींचा एकंदर अडथळा ०.१२२ होता, ह्या एका थराचा ०.६ च्या वर आहे. म्हणजे चौथी वेस बाकीच्या तिन्हींच्या पांचपट बंद. ८ वॅटचा आंकडा १.३ वर आला, आणि कागदावर जाळीशीं हवा २७.७ अंश येऊं लागली. लोकर भिजली तर मात्र तिचा गुण जातो, कारण अडवण्याचें काम लोकर करीत नसून तींत कोंडलेली स्थिर हवा करिते. म्हणून पावसाळ्यापूर्वीं वेष्टनाचे सांधे चिकटपट्टीनें नीट बंद करावे लागतात. लोकर गुंडाळण्याआधीं आणखी एक काम उरकून घेतलें: पेटलेली उदबत्ती नळीच्या प्रत्येक सांध्याजवळून फिरविली. जेथें धूर उडाला तेथें हवा फुकट जात होती. अशा सात जागा सांपडल्या. कारागीर ओशाळला आणि न सांगतां सातहि जागा त्यानें बुजविल्या.

आतां राहिला दाबाचा प्रश्न, म्हणजे ४,५०० ची हवा २,८८० कां झाली हा. नळींतून हवा ढकलावयास पंख्याला जोर लावावा लागतो, आणि तो पाण्याच्या स्तंभाच्या उंचीनें मोजतात. सर्वांची समजूत अशी होती कीं, नळी लांब म्हणून जोर जास्त लागतो. सरळ नळींतल्या घर्षणाचें गणित फ्रान्समधल्या दिजों शहराचा पाणीपुरवठा उभारणारा अभियंता आंरी दार्सी ह्याच्या नांवानें ओळखलें जातें: लांबी जितकी रुंदीच्या पट, तितकें घर्षण, आणि वेग दुप्पट तर घर्षण चौपट. हा हिशेब आमच्या नळीला लावला तर सबंध अठरा मीटरचें घर्षण पाण्याच्या सव्वा मिलिमीटरइतकेंच भरतें! मग जोर जातो कोठें? वळणांत. आमच्या नळीला काटकोनांत मोडलेलीं तीन वळणें आहेत: एक जिन्याच्या खोलीपाशीं आणि दोन भिंतीशीं, जेथें ती वर चढून आंत शिरते. असल्या एकेका वळणाला पावणेदोन मिलिमीटर लागतात. म्हणजे एक काटकोनी वळण अठरा मीटर सरळ नळीपेक्षां महाग. तीन वळणांचे ५.३, घर्षणाचे १.२५, आणि तोंडांतून हवा बाहेर फेंकण्याचे १.५, एकंदर आठ मिलिमीटर झाले.

दुसऱ्या कूलरचा बेत येथेंच निकालांत निघाला. त्याच नळींतून दुप्पट हवा न्यावयाची तर वेग दुप्पट आणि दाब चौपट, म्हणजे ३२ मिलिमीटर पाहिजे. कूलरच्या पात्यांच्या पंख्याची ताकद त्याच्या जवळपासहि जात नाहीं. दोन कूलर एकमेकांशीं झगडत बसले असते आणि हवा थोडीशीच वाढली असती. हें सांगितल्यावर पुस्तकांच्या रकमेला पुन्हां कोणी हात लावला नाहीं.

वळणावर उपाय कारागिरानेंच केला. मीं फक्त पुस्तकांतलें चित्र दाखविलें. वळणाच्या आंत पत्र्याच्या वांकविलेल्या पट्ट्या एकापुढें एक समांतर बसविल्या कीं हवा कोपऱ्यावर न आदळतां त्यांच्यावरून वळून जाते. प्रत्येक वळणाचा खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि आठ मिलिमीटरचे चार होतात. दाब निम्मा लागला म्हणून हवा दुप्पट होते असें मात्र समजूं नये. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. शिवाय हवा वाढली कीं पंख्याचा जोर उतरतो. पट्ट्या बसविल्यानंतर पुन्हां नऊ चौकोनांत मोजलें, सरासरी ६ मीटर आली. तासाला ३,४५६ घनमीटर, म्हणजे पांचव्या हिश्श्यानें अधिक. ह्याच दिवशीं जाळीशीं उष्णतामापक २८ वर होता. त्यासाठीं तट्टे, ग्लासवूल, चिकटपट्टी आणि कारागिराची तीन दिवसांची मजुरी एवढाच खर्च आला. त्या मजुरींतलाहि एक दिवस त्यानें सोडून दिला.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मुलें गारवा टिकावा म्हणून अभ्यासिकेच्या खिडक्या बंद करून बसत. खोलींत तासाला तीन हजार घनमीटर हवा यावयाची तर तेवढीच बाहेर गेली पाहिजे. वाट बंद केली तर पंखा कितीहि चांगला असो, तो हवा कोंबणार कोठें? आणि आंत कोंडलेली ओल अंगावर चिकटते ती वेगळीच. वातानुकूलित खोलीची खिडकी बंद ठेवावी, कूलरची उघडी. हें मीं फळ्यावर लिहून ठेविलें आहे, तरी कोणीतरी पुसतो आणि मी पुन्हां लिहितों.

जाळीच्या अंगच्या दोन खिडक्या बंद आणि समोरच्या दोन उघड्या ठेवल्या म्हणजे हवा सर्व बाकांवरून जाते. जून लागला, आभाळ आलें कीं ओल्या फडक्याचा पारा २७ च्या खालीं उतरत नाहीं. मग कूलरच्या तोंडाशींच हवा २८ च्या वर असते, आणि नळी कितीहि गुंडाळली तरी तिच्यांत सांभाळण्यासारखें फारसें उरत नाहीं. त्या दिवसांत छताचे पंखेच बरे.

भिंतीशीं असलेलीं दोन वळणें अजून मला खटकतात. भिंतींतलें भोंक दीड मीटर खालीं घेतलें तर नळी गच्चीवरून सरळ आंत येईल आणि दोन्हीं वळणें नाहींशीं होतील. पण तसें केलें तर वारा थेट मुलांच्या वह्यांवर येईल. तिरप्या पात्यांची जाळी बसवून तो वर वळवितां येईल कीं काय, ह्याचा विचार कारागीर करीत आहे. गवंड्याला मात्र अद्याप आम्हीं विचारलेलें नाहीं.